भंगारवाल्याला फोन करायचा आळस? (दुसरी गाडी आली, पद्मिनीचं काय करायचं)

पाचपाखाडीकर (शनिवार, रात्री ९.१०)

परवा ‘हिशेबी माणूस’ यांनी इथे एक पोस्ट टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी मथितार्थ: घरात दुसरी गाडी आली की पहिली महिन्याच्या आत गेली पाहिजे. उभी गाडी म्हणजे भाडं न देणारा भाडेकरू. आणि ‘क्लासिक’ हा शब्द भंगारवाल्याला फोन करायचा आळस असलेल्यांनी काढलाय. खाली अंगठ्यांचा पाऊस. त्यातला निदान एक अंगठा माझ्याच बिल्डिंगमधला असावा असा मला दाट संशय आहे.

तिथेच उत्तर द्यायला बसलो, चार ओळींत मावेना, म्हणून हा धागा.

आमची पद्मिनी १९७८ ची. वडिलांनी पैसे भरले तेव्हा ‘पद्मिनी’ हे नावसुद्धा नव्हतं, ते आलं १९७४ ला. म्हणजे नोंदवली फिएट आणि घरी आली पद्मिनी. वडील शेवटपर्यंत फिएटच म्हणायचे. आधी बैठ्या घरासमोर चिंचेखाली उभी असायची. घर पाडून टॉवर झाला, चिंच गेली, गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, सहा नंबरला आली.

दिवाळीत मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. चांगली आहे. आवाज नाही, वास नाही, नावं ठेवायला जागाच नाही. फक्त तिला चार्जिंगचा पॉइंट लागतो आणि मीटररूमपासून वायर ओढायला सगळ्यात जवळची जागा सहा नंबरच. सध्या ती बाहेर रस्त्यावर उभी असते आणि मुलगा रोज जेवताना काही न बोलता माझ्याकडे बघतो.

खारघरचा एक जण लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांना गाड्या भाड्याने देतो. तो ८५ हजार द्यायला तयार आहे, वर तिला गुलाबी रंग देणार म्हणाला. भंगाराचं म्हणाल तर जेमतेम नऊशे किलोची गाडी. लोखंडाच्या भावाने जे येईल त्यात मुलाच्या गाडीचे चार टायरही धड येणार नाहीत. चिपळूणला भाचा ‘मामा मला द्या’ म्हणतो, पण त्याने आजवर घेतलेल्या कुठल्या वस्तूचं काय झालं ते मला माहीत आहे.

आणि ठेवायची तर खर्च काय? थर्ड पार्टी विमा, सहा महिन्यांनी पीयूसी, पाच वर्षांनी नूतनीकरण. पन्नाशीला आता थोडीच राहिली आहेत. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास झाली की व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. एवढ्यासाठी घाई कसली? सल्ला नकोय. त्या ‘आळस’ शब्दाला उत्तर हवंय.

ता. क. आमच्याकडे कोणीतरी रोज रात्री स्कूटर आणून गाडीला टेकवतं. आरशाने मागच्या डाव्या फिनवर ओरखडा काढलाय. वाचत असतील तर त्यांनी समजून घ्यावं.

हिशेबी माणूस (९.३५)

काका, आधी नमस्कार. पोस्ट तुम्हाला उद्देशून नव्हती, पण टोपी बसली असेल तर माझा इलाज नाही.

तुमच्या खर्चाच्या यादीत जागा कुठाय? मी घोडबंदरला राहतो, दुसऱ्या पार्किंगचे महिन्याला अडीच हजार मोजतो, तेही उघड्यावर. वर्षाचे तीस हजार. म्हणजे तीन वर्षांत तुमची ८५ हजारांची ऑफर संपली. शिवाय दहा-बारा लाखांची नवी गाडी तुम्ही ऊन-पावसात उभी केलीत, आणि जी चालत नाही ती छपराखाली. याला हिशेब म्हणत नाहीत.

दुसरं, पंधरा वर्षांच्या वरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे. तेव्हा प्रश्नच मिटला.

किंगपिन (९.४८)

मिटला? कोणी मिटवला?

ती अट दिल्लीची. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यात, डिझेलला दहा, पेट्रोलला पंधरा. ठाणे एनसीआरमध्ये कधी गेलं ते मला कळलं नाही, मी कळव्याला राहतो, कदाचित खाडीच्या अलीकडे बातमी पोचली नसेल. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, गाडी नाही. आरटीओत नेऊन दाखवायची, फिटनेस पास करायचं, पर्यावरण कर भरायचा, पुढची पाच वर्षं मिळतात. मग पुन्हा. अर्धवट फॉरवर्ड वाचून लोक चांगल्या गाड्या कापायला देतात आणि मग इथे येऊन हिशेब शिकवतात.

फी वाढली हे खरं. २०२२ च्या एप्रिलआधी नूतनीकरणाला ६०० रुपये होते, मग ५ हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला १० हजार. पाचांनी भागा. वर्षाला दोन हजार. तेवढ्यात हल्ली मॉलमध्ये चौघांचा सिनेमा होत नाही.

हिशेबी माणूस (९.५५)

बरं, दिल्लीचं मान्य. ओरडायची गरज नव्हती. जागेचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

ऐरोलीची मावशी (१०.०५)

मी मध्ये बोलते कारण हे सगळं मी एका घरात बघितलंय.

माझ्या सासऱ्यांची पद्मिनी. सेक्टरमधल्या रो-हाउसच्या अंगणात अकरा वर्षं कव्हरखाली. ‘विकायची नाही’ एवढं एकच वाक्य अकरा वर्षं. ती सुरू करायची, धुवायची, हवा भरायची, हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही नाही. खाडीची हवा आहे आमच्याकडे, लोखंडाची बादली तीन पावसाळ्यांत भोकं पाडते. एक दिवस महापालिकेचे डेंग्यूवाले आले आणि कव्हरच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात बॅटरी मारून मला अळ्या दाखवल्या. नोटीस माझ्या नावावर. सासरे आत पेपर वाचत होते.

ते गेल्यावर आम्ही दार उघडलं. उघडलं म्हणजे हातात आलं. मागच्या सीटमधला काथ्या उंदरांनी ओढून पुढे पायाशी घरटं केलं होतं, त्यात पाच लाल पिल्लं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गेला होता की खालची फरशी दिसत होती. नवऱ्याला वास आठवून आठवून रडू येत होतं, की बाबांच्या गाडीचा वास. मला येत होता तो उंदराच्या मुताचा.

तेव्हा पाचपाखाडीकर, ‘ठेवतो’ म्हणजे नक्की काय करता तेवढं सांगा. शेवटची सुरू कधी केलीत?

अँबीवाला (१०.०९)

अँबॅसेडर असती तर अकरा वर्षांनीही एका सेल्फमध्ये लागली असती.

किंगपिन (१०.११)

आणि शंभर मीटरवर थांबून दोन लिटर ऑइल मागितलं असतं. झोपा आता.

सेक्रेटरी बिनपगारी (१०.२०)

गाडी ठेवायची की विकायची हा भावनेचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. पण वर कोणीतरी ‘आमची जागा’, ‘सहा नंबर’ असं सहज लिहून गेलंय, ते वाचून बी.पी. वाढलं.

स्टिल्टमधली जागा कोणाच्या बापाची नसते. २०१० ला सुप्रीम कोर्टाने पांचाली सोसायटीच्या केसमध्ये स्वच्छ सांगितलंय की उघडं किंवा स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. ती सोसायटीची सामाईक जागा. आदर्श उपविधीप्रमाणे एका सभासदाला एक जागा, आणि गाड्या जास्त, जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या. तरीही प्रत्येक सोसायटीत चार सरंजामदार असतात, ज्यांची जागा ‘पहिल्यापासून’ असते. त्यांना एजीएमला (वार्षिक सभेला) बोलावलं की येत नाहीत आणि चिठ्ठ्यांचं नाव काढलं की वकिलाची नोटीस येते. मी हे सात वर्षं फुकट करतोय. दोन वेळा राजीनामा दिला, कोणी घेतला नाही.

घोडबंदरचा बकरा (१०.३१)

साहेब, मग मी बिल्डरला स्टिल्टचे वेगळे दीड लाख दिले ते काय? पावती आहे माझ्याकडे. त्यावर ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ लिहिलंय.

सेक्रेटरी बिनपगारी (१०.३४)

पावतीचं लॅमिनेशन करून घ्या. नातवंडांना दाखवायला बरी.

घोडबंदरचा बकरा (१०.३६)

हे बोलणं झालं? दीड लाख माझे गेलेत, तुमचे नाही.

वसंत विहार वहिनी (१०.४०)

आमच्याकडे चिठ्ठ्या सुरू केल्या. पहिल्याच वर्षी अध्यक्षांना लिफ्टशेजारची जागा लागली. दुसऱ्या वर्षीही लागली. तिसऱ्या वर्षी मी सांगितलं, चिठ्ठी माझी मुलगी काढेल. ती सहा वर्षांची आहे. अध्यक्षांना कंपाउंडच्या टोकाला, नारळाखाली जागा आली. त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद, आता ‘ज्येष्ठता’.

सेक्रेटरी बिनपगारी (१०.४४)

नारळाखालची जागा हा ठाणे जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि तो कुठल्याच जाहीरनाम्यात नाही. आमच्याकडे एका झावळीने दोन काचा फोडल्या. विमावाला म्हणतो नैसर्गिक आपत्ती, सभासद म्हणतो सोसायटीचा निष्काळजीपणा, आणि नारळ काढणारा माणूस एका झाडाचे किती मागतो ते ऐकून मी स्वतः चढायच्या विचारात होतो.

वसंत विहार वहिनी (१०.४७)

चढूच नका. सेक्रेटरी दुसरा मिळणार नाही.

हिशेबी माणूस (१०.५२)

बघा, मी म्हटलं त्याचंच प्रात्यक्षिक चाललंय. विषय गाडीचा नाहीच, जागेचा आहे. ठाण्यात गाडी परवडते, ती ठेवायला परवडत नाही.

इथेनॉलग्रस्त (११.०२)

जागा, जागा काय लावलंय? ज्याच्या जोरावर गाडी चालवायची ते पेट्रोल राहिलंय का? ई-२० म्हणजे शंभरातला वीस भाग इथेनॉल. २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ लाच गाठलं म्हणून टाळ्या पिटल्या. माझ्या जुन्या गाडीच्या पेट्रोल पंपाचा पडदा एका वर्षात दोनदा गेला. रबरी नळी बोटाने दाबली तर शेवेसारखी तुटली. आम्हाला विचारलं होतं का कोणी? पंपावर पर्याय तरी ठेवा! जुन्या गाड्या मुद्दाम मारायचा डाव आहे हा, म्हणजे लोक नवीन घेतील. मी यावर सविस्तर लिहिणार आहे...

नेरुळी गॅरेज (११.१५)

लिहा, पण डाव वगैरे राहू द्या. इथेनॉल जुन्या रबराला खातं, कॉर्कची पॅकिंग फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, हे तिन्ही खरं. पण त्यावर तोड आहे. इथेनॉल चालणारी नळी मीटरवर मिळते, पडद्याचा किट बदलता येतो, एका दुपारचं काम. खरा घोळ कुठे होतो सांगतो. टाकी अर्धी भरून गाडी चार महिने उभी. पाणी जड, ते तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. तो गंज मग कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये. ज्याची गाडी दर रविवारी पंधरा-वीस किलोमीटर फिरते त्याची टाकी सडायला वेळच मिळत नाही.

माझ्याकडे ‘क्लासिक आहे, हळू हात लावा’ म्हणून येणाऱ्या दहातल्या आठ गाड्या मालकाच्या प्रेमाने मेलेल्या असतात. कव्हर घातलं की प्रेम संपलं, कर्तव्य पार पडलं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिसलं नाही.

पाचपाखाडीकर (११.२४)

जेवायला गेलो होतो. गाडी गणपतीत सुरू केली होती.

आणि मावशी, तुमच्या सासऱ्यांशी माझी तुलना करू नका. मी दर पंधरा दिवसांनी कव्हर काढून पुसतो. बॉनेट उघडतो. बसतो पण आत. चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, चावी फिरवायची, पहिल्यांदा नुसतं खोकायचं, दुसऱ्यांदा धरायचं, आणि मग चोक पाव पाव इंच आत सारत तिला शांत करायचं. हे वडिलांनी मला तलावपाळीला शिकवलंय. एका हाताने गिअर, पुढच्या अखंड सीटवर आम्ही तिघं. यात ‘आळस’ कुठे येतो ते हिशेबी माणसाने दाखवावं.

ऐरोलीची मावशी (११.२८)

कुठल्या गणपतीत?

पाचपाखाडीकर (११.४१)

मागच्याच्या मागच्या.

ऐरोलीची मावशी (११.४२)

हं.

हिशेबी माणूस (११.४३)

मी काहीच बोलत नाही.

किंगपिन (११.५०)

तू नकोच बोलू. एक काम करा पाचपाखाडीकर, मला काही गोष्टी सांगा. हातब्रेक ओढून ठेवलाय का? टाकीत पेट्रोल किती? आणि स्टिअरिंगवरच्या हँड गिअरचं लिंकेज ढिलं झालंय का? उभ्या गाडीत बुश कडक होतात.

माझे वडील कुर्ल्याच्या कारखान्यात होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेली कंपनी, आणि आमच्या चाळीतली निम्मी घरं तिच्या भोंग्यावर उठायची. संप, टाळेबंदी, सगळं घरात जेवताना ऐकलंय. इथे कोणी पद्मिनीला भंगार म्हटलं की मला गाडीचं वाईट वाटत नाही, त्या माणसांचं वाटतं. असो. उत्तरं द्या.

पाचपाखाडीकर (रविवार, सकाळी ७.०५)

हातब्रेक ओढलेला आहे. टाकी साधारण अर्धी. आणि... हँड गिअर आता नाही. म्हणजे वर लिहिलं ती आठवण खरी, पण ९४ साली भावाने खालचा गिअर बसवून घेतला, पुढे दोन बकेट सीट टाकल्या. तेव्हा फॅशन होती.

किंगपिन (७.२०)

काय?

अहो, त्या गाडीचा आत्मा होता तो! स्टिअरिंगवरचा गिअर आणि अखंड सीट काढून पद्मिनीत राहतं काय? आणि वर ‘एका हाताने गिअर’ म्हणून रात्री आम्हाला रडवत होतात! जुने पार्ट तरी ठेवलेत?

पाचपाखाडीकर (७.२४)

सीट माळ्यावर होती. टॉवर झाला तेव्हा माळाच राहिला नाही.

नेरुळी गॅरेज (७.५०)

मग व्हिंटेज नोंदणीचं स्वप्नही तपासून बघा. त्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, मोठा फेरफार चालत नाही. तुमचा फेरफार मोठा की छोटा, ते तपासणारे ठरवतील. पहिली नोंदणी २० हजार, दहा वर्षांसाठी, पुढे ५ हजार. आणि मुख्य मेख लोक वाचतच नाहीत: व्हिंटेज झाली की रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच. म्हणजे ज्या दिवशी पन्नास वर्षं झाली म्हणून तुम्ही व्हिंटेजचा शिक्का घ्याल, त्या दिवसापासून नातवाला मागे बसवून तलावपाळीला आइस्क्रीम खायला नेणं बंद. साधी नोंदणी चालू ठेवलेली बरी, असं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो.

पाचपाखाडीकर (८.०२)

हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंही नाही.

हिशेबी माणूस (८.१०)

काका, आता तरी माना. पन्नाशीसाठी थांबण्यात अर्थ नाही, मूळ रूप नाही, गाडी दोन वर्षं बंद, नवी गाडी रस्त्यावर. राहिलं काय? फक्त ‘बाबांची होती’. माझ्याही बाबांची होती एक मारुती ८००, पहिल्या लॉटमधली नव्हे पण तशी जुनीच. २०१२ ला ३५ हजारांना दिली. आईने चावीची साखळी काढून घेतली, देवघरात ठेवली. कोणी मेलं नाही.

ऐरोलीची मावशी (८.१८)

साखळी अजून देवघरात आहे का?

हिशेबी माणूस (८.२१)

आहे. त्याला जागा लागत नाही, हाच माझा मुद्दा आहे.

ऐरोलीची मावशी (८.२५)

पटला हो हा मुद्दा. तुमचा पहिलाच पटलेला.

किंगपिन (८.४०)

साखळीत बसून कुठे जाता येत नाही.

हे बघा, ‘मूळ रूप नाही’ म्हणून गाडी टाकायची तर ठाण्यात अर्धे टॉवर पाडावे लागतील. मला राग आला तो आला, रात्रीत उतरला. लोखंड अजून उभं आहे ना? मग ते वाचवा. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बाद झाली. तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हात घातला की पार्ट निघायचा, कारण टॅक्सीवाल्यांना रोज लागायचा. आता चार दुकानं फिरावी लागतात. जी गाडी आज कापाल ती परत कोणी बनवणार नाही. अँबॅसेडर तरी बंगालमध्ये उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत निघत होती.

अँबीवाला (८.४२)

धन्यवाद.

किंगपिन (८.४३)

तुम्हाला उद्देशून नव्हतं.

पाचपाखाडीकर, पुढच्या रविवारी मी येतो. तोवर सेल्फ मारू नका, हात जोडतो. दोन वर्षं बंद इंजिनाला कोरडी चावी मारली की रिंग घासतात. मी आल्यावर आधी चारही प्लग काढू, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल, रात्रभर मुरायला पाहिजे खरं तर, पण दोन तास देऊ. टाकी पूर्ण रिकामी करायची. ते पेट्रोल आता वार्निश झालं असेल, वासावरून कळेल. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलून बघू इंजिन मोकळं आहे का. इग्निशनचे पॉइंट मी घासून आणि पोस्टकार्डाने गॅप लावून देईन. पोस्टकार्ड तुमच्याकडे असेल तर काढून ठेवा, माझ्याकडचं शेवटचं फाटलं. हातब्रेक आत्ताच्या आत्ता सोडा, चाकाला विटा लावा. मागचे ड्रम धरले असतील तर ती गाडी हलणारच नाही, मग तुमची चार्जिंगची जागा आणि खारघरची गुलाबी ऑफर दोन्ही गेल्या.

नेरुळी गॅरेज (९.००)

ड्रम धरलाच असेल. हातोडी रबरी आणा.

पाचपाखाडीकर (९.१५)

हातब्रेक सोडून आलो. ‘टक’ असा आवाज आला, एकाच बाजूने. दुसऱ्या बाजूने नाही.

हिशेबी माणसाला एवढंच: ‘आळस’ शब्द निम्मा मागे घ्यायला मी तयार आहे, म्हणजे निम्मा माझ्याकडे ठेवतो. मुलाशी बोललो. तो म्हणाला, बाबा, चालणारी गाडी असेल तर मी माझी बाहेर लावतो, पण पुतळ्यासाठी लावणार नाही. कुठे शिकला कोण जाणे. संक्रांतीपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर सुरू नाही झाली तर चिपळूणच्या भाच्याला नाही आणि गुलाबीवाल्यालाही नाही, नेरुळच्या गॅरेजवाल्यांना विचारीन. त्यांनी किंमत आत्ताच सांगू नये.

नेरुळी गॅरेज (९.१८)

सांगत नाही. पण ८५ नाही.

सेक्रेटरी बिनपगारी (९.४०)

पुढच्या रविवारी बाहेरचा माणूस स्टिल्टमध्ये पेट्रोल काढणार, प्लग काढणार, ते चार्जिंगच्या मीटररूमच्या शेजारी? सोसायटीची परवानगी कोणी घेतली? टाकी रिकामी करायचं काम गेटबाहेर करायचं, हे लेखी कळवतो. आणि सहा नंबरच्या वाटपाचा विषय येत्या एजीएमच्या विषयपत्रिकेत आहेच.

पाचपाखाडीकर (९.४४)

आपण कुठल्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणालात?

सेक्रेटरी बिनपगारी (९.५१)

बी विंग, चौथा मजला. ओळखलंत तर बरं, नाही तर एजीएमला या.

घोडबंदरचा बकरा (९.५३)

आई शपथ.

वसंत विहार वहिनी (९.५५)

माझी मुलगी चिठ्ठी काढायला मोकळी आहे हो.

पाचपाखाडीकर (१०.०५)

असं आहे होय. मग इथेच सगळ्यांसमक्ष सांगतो. पेट्रोल गेटबाहेर काढू, मान्य. मीटररूमपाशी कोणी काडी ओढणार नाही, मान्य. चिठ्ठ्या काढा, तेही मान्य, पण मग सगळ्या जागांच्या काढा, तुमच्या लिफ्टसमोरच्या धरून.

सेक्रेटरी बिनपगारी (१०.२०)

लिफ्टसमोरची जागा आईच्या व्हीलचेअरसाठी आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

पाचपाखाडीकर (१०.२४)

माहीत आहे. ती सोडून.

सेक्रेटरी बिनपगारी (१०.३१)

ठीक. त्या कळव्याच्या गृहस्थांना गेटवर नाव नोंदवायला सांगा, आठनंतर या म्हणावं, आधी पाणी येतं. वॉचमनला सांगून ती टेकवलेली स्कूटर बाजूला काढून ठेवतो, म्हणजे ढकलायला जागा होईल.

पाचपाखाडीकर (१०.३३)

वॉचमनला कशाला सांगता? किल्ली तुमच्याकडेच आहे.